यादीतला सतरावा

सरकारी विम्याचं कार्ड टपालाने आलं
तेव्हा मी ते फ्रिजवर लावलं, चुंबकाखाली,
पोरांची बक्षिसं लावतात तसं.
सोबत डॉक्टरांची यादी :
ईरी शहर आणि आसपासची गावं. तेवीस नावं.
मला वाटलं, तेवीस म्हणजे पुष्कळ.

फोन करायला वेळ एकच, जेवणाच्या सुट्टीचा.
शाळेच्या किचनमधून निघून गाडीत बसते,
केसांवरची जाळी तशीच,
काचेवर तळ्याकडून आलेला बर्फ,
मांडीवर यादी, पेन गोठलेलं.

पहिला नवे पेशंट घेत नाही.
दुसरा घेतो, पण हे कार्ड नाही.
तिसऱ्याकडे यंत्रातली बाई
नऊ वेळा आकडे दाबायला लावून
पुन्हा पहिल्या प्रश्नावर आणून सोडते.
चौथा फ्लोरिडाला गेला.
पाचवीकडे जागा आहे. अकरा महिन्यांनी.
म्हटलं, थांबा, शुगरला विचारून सांगते.
ती हसली नाही.

आडनाव?
डी, यू, एस, ए, एन, ई.
दुसाने.
दर वेळी मधली तीन अक्षरं दाताखाली येतात :
ह्यांचा अख्खा देश आमच्या आडनावाच्या पोटात
आणि मी दाराबाहेर, होल्डवर,
सॅक्सोफोन ऐकत.

आवाज ओळखीचा आहे मला.
सॅक्सोफोनचा नव्हे, त्या मुलींचा.
चाळीसगावला कोठावदे डॉक्टरांच्या काउंटरवर
सहा वर्षं तो माझाच होता.
"आज नंबर संपले."
"डॉक्टर लवकर जाणारेत."
पिवळं रेशनकार्ड पिशवीतून अर्धं बाहेर आलं
की माझं वाक्य तयार असायचं.
डॉक्टरांनी कधी सांगितलं नव्हतं तसं,
नाहीही म्हटलं नव्हतं.
तांड्यावरचा एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन
"बरं ताई" म्हणाला आणि गेला.
भांडला असता तर विसरले असते.

गोळ्या उरल्या नऊ.
अर्ध्या केल्या तर अठरा;
हा हिशेब करायला डॉक्टर लागत नाही.

सतरावं नाव : व्हिएचोरेक, फॅमिली मेडिसिन.
फोन लगेच उचलला गेला,
आणि मीच बावरले.
म्हातारा आवाज, मागे किटली वाजतेय.
"तो वारला गं, मागच्याच्या मागच्या मार्चमध्ये.
दवाखान्याचा फोन घराकडे वळवलेला होता.
मी तीनदा कळवलं त्यांना,
यादी ऐकत नाही."
मी सॉरी म्हटलं, चुकून मराठीत "माफ करा"ही.
"ह्या महिन्यात तू चौदावी.
किती असते शुगर?"

सोळा फोन झाले होते.
हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी आकडा सांगितला. ती गप्प झाली.
मग म्हणाली, लिहून घे :
चर्चच्या तळघरात, शुक्रवारी, साडेसातच्या आत.
ओडेट नावाची नर्स आहे, तोंडाने फटकळ,
वीस वर्षं त्याच्याकडेच होती.
ब्लडप्रेशर घेऊन होईपर्यंत
कार्ड काढू नकोस.
एकदा हात हातात घेतला
की ती माणूस परत पाठवत नाही.

शुक्रवार परवा आहे.
कदाचित तिथेही पाटी असेल, रांग असेल,
ओडेट रजेवर असेल.
सुट्टी संपली, वाफेचे ट्रे वाट बघताहेत.

सोळा नावांवर काट मारली होती.
सतराव्यावर पेन टेकलं, आणि उचललं.
समोर बारीक अक्षरात लिहिलं :
फोन उचलतात.