दारावरची थाप

बेकर्सफील्ड. टायरच्या दुकानामागची खोली,
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे.
डिशॉन शब्द ठोकायचा,
दातांत धरलेले खिळे सुतारानं ठोकावेत तसे,
आणि ओक्टाव्हियोची गिटार
गंजका पत्रा फरफटत आणायची त्यांच्यामागून.

तिसऱ्या गाण्यात
मिसेस टॅकेट आली भाडं मागायला.
दारावर तीन थापा, मग एक लाथ.
टेप चालूच.
दुसरी कॅसेट नव्हती आमच्याकडे.

दुकानदार म्हणाला, हे ठेवू कुठं?
रॅपच्या कप्प्यात की मेटलच्या?
ठेवलं दारापाशी, छत्र्यांशेजारी.

आता ओस्लोतली, मनिलातली पोरं
ड्रमवर नेमकी तीच थाप वाजवतात.
विचारतात, सुचली कशी?
मी ड्रमर. थाप मारतो:
रात्ररात्र जागलो होतो.

भाडं राहिलंच द्यायचं.