चार इंची पंखा

कपाट दोन बाय दोन, उंची चार फूट,
म्हणजे सोळा घनफूट हवा.
हे गणित मी रावपुऱ्याला जाताना रिक्षात
औषधाच्या चिठ्ठीमागे मांडलं.

"सहा इंची घ्या, बेन," जिनेशभाई म्हणाला, "जोर जास्त."
मला जोर नको होता.
भिंतीपलीकडे इलाबेनची झोप मोडणार नाही
इतपत गप्प पंखा हवा होता.

"शुं वावो छो?" त्यानं काउंटरवर वाकून विचारलं,
जणू आमच्या दोघांत काही गुन्हा शिजतोय.
"सुरण."
तो हसला. सगळे असंच सांगत असावेत.

पण सुरणच.
छत्तीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत
बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या मी.
क्रमांक एकशे बारा: सुरणाचं फूल,
रंग उडालेलं, उकडलेल्या कानासारखं.
सर सांगायचे, याला कुजक्या मांसाचा वास येतो.
मुलं लिहून घ्यायची.
बरणीला फॉर्मॅलिनचाच वास यायचा.

निवृत्त झाले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
कंद मीच आणला, खंडेराव मार्केटातून,
सात किलोचा, डोळा शाबूत.

आमच्या सोसायटीत कांदासुद्धा
खिडकी लावून चिरतात.
तिथे मेलेल्या जनावराचा वास,
आणि तोही कंदमुळाला!
इलाबेननी हे पाप कुठल्या खात्यात मांडायचं?

म्हणून कोळसा.
करवंटीचा, भाजून भाजून आतून भोकाभोकांचा केलेला.
नळकांडं कानाशी धरून हलवलं:
खडखडलं तर नको,
खडा सरकला की वासाला वाट सापडते.
दमट हवेत तो आळसावतो, तेव्हा पाणी बेतानं.
पंखा चार इंचीच, पण हिशेबापेक्षा थोरला,
कारण कोळसा त्याचा पाव दम खातो;
वर रेग्युलेटर, हळू बोलायला शिकवण्यासाठी.
नळकांडं आत, वरच्या कोपऱ्यात.
पंख्यानं ओढायचं, ढकलायचं नाही.
दार लावलं तसा पत्रा आत गेला,
फोटोपुरतं पोट आत घेणाऱ्या माणसासारखा.
फटीशी उदबत्ती धरली.
धूर आत वळला.

मेच्या एकविसाव्या रात्री ते उमललं.
दाराच्या काचेतून दिसलं: जांभळं, सुरकुतलेलं,
उशीएवढं.
मी खोलीभर नाक फिरवलं.
पंचांगाचा वास, बामाचा वास.
बाकी काही नाही.
इतकं नेमकं निवडलं होतं सगळं
की पुन्हा माझ्या हाती बरणीच आली.

दोन वाजून दहा मिनिटं.
पंखा बंद केला. दार उघडलं.

माळ्यावर मेलेला उंदीर, तापलेलं तांबं,
नासलेलं दूध, आणि या सगळ्याखाली
काहीतरी गोड, ज्याला माझ्याकडे चिठ्ठी नाही.
हात लावला तर कोमट.
डोळ्यांतून पाणी आलं, ते वासानंच असेल.
तिसऱ्या मजल्यावर, मध्यरात्री,
कुठून कोण जाणे, एक माशी आली
आणि सरळ आत गेली, आमंत्रण असल्यासारखी.

बारा मिनिटं. मग दार, मग पंखा.

सकाळी इलाबेन दुधाची पिशवी उचलताना म्हणाल्या,
"तुमचं फ्रीज रात्री बंद पडलं होतं का?
एकदम शांत झालं,
मला जाग आली."