लिहून देणार

मिरजेच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
आप्पांचं टेबल असायचं. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेपट्टा.
प्रत्येक कागद ते दोनदा वाचून दाखवायचे,
आणि समोर अंगठेबहाद्दर म्हातारी असली तर तिसऱ्यांदा, सावकाश,
घास भरवल्यासारखा:
‘सदरचा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिला असे.’
मग अंगठा. निळी शाई. पुसायला रॉकेलचा बोळा.

त्या आप्पांची मी मुलगी,
इंग्लंडात उतरल्याच्या चौथ्या दिवशी
हॅलिफॅक्सच्या दुकानात काचेवर बोटाने रेघोटी ओढून आले.
पोरगा म्हणाला, इथे, आणि इथे, बाकी सगळी फॉर्मॅलिटी.
बोटाला काही लागलं नाही. पुसायलाही काही नव्हतं.
चोवीस महिने, महिना एकतीस पौंड.
एप्रिलमध्ये चौतीस झाले.
का, ते सतराव्या पानावर होतं म्हणे.

टॉडमॉर्डन म्हणजे डोंगरांनी मूठ मिटल्यावर
आत राहून गेलेलं गाव.
माझ्या खोलीत रेंज नाही. जिन्यात नाही.
न्हाणीघराच्या खिडकीशी, डावा पाय टबावर ठेवला तर एक काडी,
तीही तिच्या मर्जीने.
रात्रपाळी संपवून, केअर होममधले अकरा जण धुऊनपुसून
मी कालव्यावर येते. लॉकच्या पुलावर चार काड्या.
तिथून कंपनीला फोन लावते
आणि कंपनी मला पियानो ऐकवते.

‘तुमच्या पोस्टकोडला सिग्नल उत्तम आहे,’ गॅरेथ म्हणतो.
नकाशात माझं घर हिरवं दिसतं त्याला.
ती बुरशी आहे, गॅरेथ, मी म्हणते.
तो हसतो. वाईट नाही मुलगा.
हसून झाल्यावर सांगतो,
सोडायचंच असेल तर पाचशे दहा पौंड.

पुलाखालून एक नाव आत शिरते. मागचं दार लागतं.
पाणी कोंडून घेतात, चढू देतात, वाट बघतात.
‘नुसतीच उभी आहेस तर ढकल!’ बेव्ह ओरडते.
मी फोन कानाशी धरून लाकडी दांड्याला पाठ लावते.
ढिम्म.
‘थांब गं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय
हत्ती लावलास तरी हलायचं नाही.’
पियानो पुन्हा पहिल्यापासून.
आणि मग दार सरकतं, एका पाठीने,
इतकं सहज की मी पडता पडता वाचते.

त्या रात्री कोरा कागद घेतला.
आप्पांसारखा डावीकडे चार बोटं समास सोडला.
लिहून घेणार: हेमलता बापूसाहेब कोरे, वय ३४, धंदा नोकरी.
लिहून देणार: तुमची कंपनी.
कारणे, सहा आठवडे झाले,
तुम्ही ऐकत नाही आणि मी सोडत नाही.
तरी आपली कोंडी झालेली आहे, एवढंच
मला सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे.
पुढचं मी लवादापुढे बघते.
साक्षीदार: बेव्हर्ली ग्रीनवुड, राहणार नाव.

ती चिखलाच्या बुटांनी वर आली होती.
फोन दिव्यासारखा धरून खोलीभर फिरली,
कपाटातही डोकावली.
‘ठार मेलेला आहे,’ म्हणाली, आणि सही ठोकली.
पुराव्याने मराठीतही एक प्रत जोडली. कुणी वाचली असेल?

लवादापर्यंत गेलंच नाही.
अकराव्या दिवशी पत्र: चूक मान्य न करता,
केवळ सद्भावनेपोटी, करार संपुष्टात.
एप्रिलपासूनचे जादा तीन-तीन पौंड ठेवून घेतले.
सद्भावना तेवढीच.

दहा पौंडांचं सुटं सिम घेतलं, सही न लागणारं,
आणि पुलावरूनच आप्पांना सांगितलं.
त्यांना पौंडांचं काही नव्हतं.
‘त्या पोराने वाचून दाखवलं होतं का तुला?’
नाही.
‘एकदाही?’
नाही, आप्पा.
मग ते बोलेनात.
मला वाटलं, लाईन तुटली.
काड्या बघितल्या. चारही होत्या.