दुसरी पेटी

शनिवारी रात्री साडेअकरा. सोमवार पेठ.
रक्तपेढीच्या जिन्याखालच्या खोलीत
मी गुडघ्यांवर बसले आहे.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
जुन्या फायरवॉलवर तावरे सरांच्या अक्षरातली चिठ्ठी:
'विचारल्याशिवाय हात लावू नये.
विचारल्यावरही लावू नये.'
सर जूनमध्ये निवृत्त झाले.
चिठ्ठी अजून ड्युटीवर आहे.

नऊ वर्षं ही एकटीच उभी.
मार्चमध्ये एकदा पंखा अडकला, तापली, बसली.
चाळीस मिनिटं शबनम पिरजादे वहीत पिशव्या लिहीत होती
आणि खिडकीशी हेल्मेट हातात धरून उभ्या माणसाला
सांगत होती, नेट आलं की देते.
त्या माणसाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.
मी कुणाला विचारलं नाही.

म्हणून ही दुसरी.
खोक्यातून काढली, थर्माकोलचे दाणे फरशीभर.
जुनीचे सगळे नियम हिच्यात उतरवले:
कुणाला आत घ्यायचं, कुणाला उंबऱ्यावरूनच परत.
एक नियम कशासाठी आहे ते कुणालाच ठाऊक नाही.
सरांना फोन केला असता, पण साडेबारा वाजून गेले होते.
तोही उतरवला.

दोघींच्या मधे हातभर निळी केबल.
तिच्यातून दर सेकंदाला एवढंच:
आहेस? आहे.
आहेस? आहे.

पहिल्या खेपेला केबल नीट बसली नव्हती.
एकीला वाटलं दुसरी गेली, दुसरीला वाटलं पहिली,
आणि एकाच पत्त्यावर उभं राहून
दोघी म्हणू लागल्या, मीच.
एका म्यानात दोन तलवारी
आणि घाम मला.

केबल बदलली. घड्याळं जुळवली,
नवीचं चार मिनिटं मागे होतं.
इंटरकॉमवर शबनमला म्हटलं, काढते आता.
'थांब, एक बी निगेटिव्ह लोहगावला जातेय...
गेली. काढ.'

जुनीची वायर ओढली.
पंखा उतरत उतरत गप्प झाला,
तेव्हा कळलं, बादली भरत आली आहे.
स्क्रीनवर एक पिंग गेला, उत्तर नाही.
दुसरा.
तिसरा.
एवढ्यात मला ते हेल्मेट दिसलं, काळं, काचेला चरा गेलेलं.
चौथा परत आला.

इंटरकॉम वाजला.
'काढणार होतीस ना गं? कधी काढतेस?'

कामाच्या फॉर्मवर 'परिणाम' असा रकाना असतो.
लिहिलं: कुणाला कळलं नाही.
मग जुनी पुन्हा चालू केली, बादली मोरीत ओतली,
थर्माकोलचे दाणे वेचले, जेवढे हाताला लागले तेवढे.

साडेतीनला गाडी काढताना
खिडकीशी कुणी नव्हतं.
तरी बघितलं.