हम म्हणजे किती

ग्वाल्हेरात एकटा माणूसही स्वतःला हम म्हणतो.
हम खाना खा आए. हम सो रहे थे.
दूधवाला, प्राचार्य, कंपूतला पंक्चर काढणारा,
सगळे आपापल्या अंगात दोघं-तिघं घेऊन फिरतात जणू.

नववीत मला ते सोयीचं पडलं.
मराठीत मी म्हटलं की मागून क्रियापद येतं
आणि चहाडी करतं: मुलगी.
गेले, आले, बसले, रडले.
हम जाएंगे म्हटलं की काहीच कळत नाही,
ना मुलगी, ना मुलगा, ना किती.
त्या वर्षी उंची एकदम चार बोटं वाढली होती,
स्वेटरच्या बाह्या मनगटाच्या वर,
हात कुठे ठेवावेत उमगत नव्हतं.
मी त्या शब्दात शिरले,
पहाटे रजईत पाय ओढून घ्यावेत तशी.

घरी बाबांचं वेगळं.
आपण लष्करची मराठी माणसं, असं म्हणायचे
आणि घासाघीस करायचे ती हिंदीत.
पुण्याहून आलेली आतेबहीण हसायची:
काय गं, वाट बघून राहिले म्हणजे?
बघत होते, म्हण.
वर्गात लघाटेचं लगाते झालं होतं.
क्या लगाते हो, लगाते? चूना?
मीही हसायचे. सगळ्यांच्या आधी,
म्हणजे उरलेलं हसू जरा कमी लागायचं.

तिघी होत्या: निशी भदौरिया, फरहीन, गरिमा सिकरवार.
चौथी मी, असं मी मोजत असे.
दोन वेण्यांची एक केली.
गरिमासारखं तिरकं अक्षर काढायला लागले,
निशीसारखे खांदे उडवून हओ म्हणायला.

धुक्यामुळे शाळा उशिरा भरायची.
एका शुक्रवारी, गजकाचा पुडा हातोहात फिरत असताना
निशी म्हणाली, इतवार को हम लोग मेला चल रहे हैं.

हिंदीला इथे एकच खोली आहे.
मराठीला दोन, आम्ही आणि आपण,
मध्ये दार, दाराला कडी.
मी आपण ऐकलं.
ते आम्ही होतं.

रविवारी तीन वाजता, टेम्पो स्टँडवर,
आईची मोरपिशी शाल पांघरून
मी वाट बघून राहिले.
शुद्ध मराठीत हे सांगता येत नाही.
बघत होते, यातून उठून जाता येतं.

टेम्पो भरत गेले. किल्ला धुक्यात होता, नव्हता.
कसा होता गं मेळा, आईने विचारलं.
आम्ही खूप फिरलो. पाळण्यात बसलो.
फरहीनला उलटी झाली.
बिचारी, आई म्हणाली.

पुढच्या रविवारी मी खरंच गेले.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
खोटं बोललेलं निदान बघून तरी यावं, असं काहीसं.
पापड घेतला, तोंडापेक्षा मोठा,
त्याच्याआड बराच वेळ चालता आलं.
मग सॉफ्टीच्या दुकानापाशी म्हटलं, हमको देना.
मान वर न करता त्याने विचारलं,
कितने जन?

मागे एक बाई मुलाचं नाक पुसत होती.
मौत के कुएँवरचा कर्णा फाटून ओरडत होता.
मला खरंच मोजावं लागलं.
निशीचे खांदे. गरिमाचं अक्षर. बाबांचं आपण.
फरहीनची न झालेली उलटी.
मैं, मी म्हटलं. अकेली हूँ. एक.
नवा बूट चावावा तसा तो शब्द चावला.

त्या थंडीत सॉफ्टी वितळतही नव्हती.
दात सणकत होते,
आणि घाई करायला कुणी नव्हतं.

सोमवारी निशीने विचारलं, मेला गई थी क्या?
गेले होते, मी म्हटलं, मराठीत.
क्या?
मी पुन्हा सांगितलं नाही.
खांदे तेवढे उडवले.
ते अजून तिचेच आहेत.