रकाना चौथा : पावती

रायपूरहून प्रणोती फोनवर म्हणाली,
आई, एक वही कर.
वस्तू, केव्हा घेतली, कितीला, पावती.
एकेकीचा फोटो काढून मला पाठव.
घराचा विमा आहे, पण घरात काय काय होतं
हे नंतर कोणी विचारलं तर?

नंतर म्हणजे कशानंतर, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.
भिंतीपलीकडे दुर्पताबाईचं घर
चैतातल्या एका दुपारी कवेलूंसकट खाली बसलं होतं.

तर वही केली.
कूलर. पावती आहे,
ह्यांनी ती कूलरच्याच पाठीत खोचून ठेवलेली,
जळाले असते तर दोघं सोबत.
शिलाई मशीन. पावती नाही.
पायडलवर माझ्या टाचेची झीज आहे,
तिचा फोटो काढला.
आलमारी, आरसा तडकलेला.
तडकलेला लिहायचं का? लिहिलं.
धानाची ढोली : किंमत
आग कोणत्या महिन्यात लागते त्यावर.
ह्यांच्या रेडिओपुढे मी
बराच वेळ पेन धरून बसले.
शेवटी लिहिलं, चालत नाही.

मग भांडी.
भंडाऱ्याच्या पितळेला पावती लागत नाही,
काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी सगळं कोरलेलं असतं :
'चि. सौ. कां. मंदा हिस, ठवकर मामाकडून, ११-५-८६.'
गुंडावर माहेर. परातीवर नणंदेचं सासर.
कोपरावर नाव अर्धंच,
कोरताना लाइट गेली, कोरणारा म्हणाला, उरलेलं उद्या.
तो उद्या काही आला नाही.

आणि फळीवर मागे, उपडा, एक गंज.
फिरवला. वाचला.
'दुर्पता ल. शिवणकर.'

कधी आणला होता? कोणाच्या बारशाला, खिरीसाठी?
मी द्यायचा राहिला,
ती मागायची राहिली.

आग विझल्यावर साहेब आले होते,
बूट राखेत नकोत म्हणून
उंबरा होता तिथेच उभे.
बाई, काय काय होतं?
सगळं होतं जी, ती म्हणाली.
सगळं असं लिहिता येत नाही, बाई.
एखादी पावती? फोटो? लग्नातलाही चालेल.
मी भिंतीला टेकून ऐकत होते.
माझ्या पाठीमागे सहा हातांवर
तिचं नाव उपडं पडलं होतं
आणि मला आठवलं नाही.

वहीत ओळ लिहून झाली होती : गंज, पितळी, एक.
खोडली.
चिंच लावून गंज घासला.
रिकामा कसा द्यायचा, म्हणून दीड शेर तांदूळ घातले.

ती हल्ली समाजमंदिराच्या पडवीत राहते.
आधी गंज हातात घेतलाच नाही.
बोटानं नाव चाचपत राहिली,
ठिपका, ठिपका,
'ल' पाशी थांबली, पुढे गेली.
तांदूळ पदरात ओतून घेतले
अन् गंज माझ्याकडे सरकवला.
"तुयापाशीच राहू दे वो.
पुढच्या टायमाले बी
मायं काहीतरी
बाहेर असलं पाह्यजे."

रात्री प्रणोतीला फोटो पाठवले, एकूण एकसष्ट.
गंजाचाही पाठवला.
तिनं लगेच विचारलं, हा कोणाचा? ह्याचे किती लिहू?

मी लिहायला घेतलं,
तेवढ्यात लाइट गेली.