साडेअकराच्या अलीकडे

पट्टी कागदासारखीच, पण फाटत नाही.
हिरवा, पिवळा, लाल.
डाव्या दंडाच्या मध्यावर गुंडाळायची,
छोट्या खिडकीतून आकडा बघायचा
आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.
हे शेवटचं प्रशिक्षणात सांगत नाहीत.

पारडीच्या आमच्या अंगणवाडीत
मे महिन्यात पत्रा इतका तापतो
की पोरं काट्यावर उभी राहायच्या आधी
मी त्यावर ओलं फडकं टाकते,
मग फडक्याचं वजन वजा करते. सत्तर ग्रॅम.
सत्तर ग्रॅमनं इथे रकाना बदलतो.

गब्बू मडावी. वय दोन वर्षं चार महिने.
रजिस्टरमध्ये अंशुमान,
पण आजोबांनी हौसेनं गब्बू ठेवलं,
जन्मला तेव्हा गुटगुटीत होता म्हणून.
आता ते नाव त्याच्या अंगावर
थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखं लोंबतं.

त्याची आई रोशनी कळमन्याच्या मागे
मिरचीच्या सातऱ्यात देठं तोडते, किलोवर.
संध्याकाळी तिची बोटं पेटलेली असतात.
तेल लावते, ताक लावते,
कणकेत हात खुपसून बसते.
"याच हातानं घास भरवला, बाई,
तं पोट्टं रातभर बोंबलते.
पुडा बरा. सोताच फाडते, दातानं."

पाच रुपयांचा पुडा.
आत बारा-तेरा पोंगे, बाकी हवा.
केशरी असा,
की आमच्या संत्र्यालाही कधी जमला नाही.
बोटांना लागतो, ओठांना लागतो,
सकाळी चड्डीतही दिसतो.

रोशनी सांगत होती,
सातऱ्याच्या धन्याची मांजर पांढरी होती,
दळणाच्या खोलीत झोपायची.
आता लाल आहे. धुतली तरी लाल.
"मिरचीनं होते का हो मांजर लाल?"
मी म्हटलं, मिरचीनं मांजर शिंकते.
आम्ही दोघी पोट धरून हसलो.
मग तिनं विचारलं,
"तेच तिखट आपल्या इथल्या दुकानात येते का?"
मी रजिस्टर उघडलं.

गब्बू भिंत चाटतो.
कूलरच्या मागची, जिथे ऑइलपेंटचे पोपडे सुटलेत.
तिथून उचललं की दुसऱ्या भिंतीकडे जातो.
रक्त कमी असलं की असं होतं, डॉक्टर म्हणाले,
आणि जुन्या रंगातलं शिसं गोड लागतं, हेही म्हणाले.
गोड.
मी घरी येऊन साखरेच्या डब्याचं झाकण
उगाच घट्ट केलं.

आता राहिलं ते सांगते.
त्या दिवशी तो पट्टी बांधू देत नव्हता.
हात पाठीमागे, तोंड भिंतीकडे, रडून रडून उचकी.
दुपारी मीटिंग, अजून वीस दंड बाकी.
माझ्या पर्समध्ये नातीसाठी घेतलेली
काडीची गुलाबी गोळी होती.
मीच दिली.
लगेच शांत. स्वतःहून हात पुढे केला.
अकरा पूर्णांक दोन.
लाल.

मेडिकलला चौदा दिवस भरती, असं मी लिहिलं.
रोशनीनं हिशेब केला, चौदा रोजांचा,
त्याच सुजलेल्या बोटांवर.
दहाच्या पुढे पुन्हा करंगळीपासून.
"सोमवारी पाहू," म्हणाली.
जाताना तिच्या खांद्यावरून गब्बूनं
मला जीभ दाखवली, लांब, पूर्ण,
नवी चप्पल दाखवावी तशी.
गुलाबी. जिभेचा असतो तो गुलाबी नव्हे.

रजिस्टरला सतरा रकाने आहेत.
सगळी गेल्यावर मी अठरावा आखायला घेतला.
फूटपट्टी सापडेना, म्हणून तीच घेतली, दंडाची.
पण ती सरळ राहत नाही,
सारखी गुंडाळून गुंडाळून तिला वळण पडलंय.
रेघ वाकडी आली.
वर काय लिहायचं,
ते अजून लिहिलेलं नाही.